जावा बुडाली, त्रिंकोमाली उरली

गुहागरात वाढलेल्या माणसाला लाकडी होडीचं अप्रूप नसतं. मला मात्र गेली कित्येक वर्षं एका न पाहिलेल्या जहाजानं झपाटलंय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला, ते आजही पाण्यावर तरंगतंय. एचएमएस त्रिंकोमाली. मलबारी सागातली ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात सोडली. वाडियांची थोरवी वाचकांना ठाऊक आहे. मी अडकलो ते आराखड्यांपाशी.

ब्रिटिश आरमारानं जहाजाची मागणी नोंदवली ती 1812 मध्ये. आराखडे मुंबईला निघाले ते जावा नावाच्या फ्रिगेटवरून. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेनं तिला गाठलं आणि अशी फोडली, की ओढून नेण्याजोगीही राहिली नाही; अमेरिकनांनी तिला आग लावली. आराखडे गेले, दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि कणा घालायला 1816 उजाडलं. तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला.

त्याच जावावर एक उतारू होता: लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. मुंबईत मोठं पद सांभाळायला निघालेला हा गृहस्थ कैद झाला आणि शब्दावर सुटला. नाव वाचून मी चमकलोच. हा तर महिदपूरचा हिस्लॉप! मद्रासचा सरसेनापती होऊन त्यानं 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव केला, म्हणजे त्रिंकोमाली पाण्यात उतरल्यावर अवघ्या दहा आठवड्यांनी. पुढच्या फेब्रुवारीत खानदेशातल्या थाळनेरच्या किल्लेदाराला त्यानं फासावर चढवलं. हे कृत्य इंग्रजांनाही पचलं नाही. लंडनच्या संसदेत त्यावरून वाद झाला. ब्राझीलपाशी शत्रूच्या सभ्यपणामुळे सुटलेल्या माणसानं थाळनेरला तो दाखवला नाही, हे मला विसरता येत नाही. त्याच 1818 मध्ये आमच्या तालुक्यातला अंजनवेलचा गोपाळगडही इंग्रजांकडे गेला.

आणि ज्या आरमारासाठी एवढा साग तासला, त्याला जहाजाची गरजच उरली नव्हती. 1819 मध्ये त्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचली तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर होता. तिच्यावर छप्पर घालून तिला बाजूला ठेवून दिली, ती 1845 पर्यंत. पुढे तोफा कमी करून 1847 ते 1857 या दहा वर्षांत तिनं दोन लांबच्या मोहिमा केल्या, अटलांटिक आणि पॅसिफिक पाहिले, पण लढाई एकही नाही. मग खलाशांच्या प्रशिक्षणाची शाळा. तिच्या दीर्घायुष्याचं श्रेय सगळे सागाला देतात, आणि ते खरंही आहे: ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, साग त्यांना सांभाळतो. पण माझ्या मते निम्मं श्रेय तिच्या बिनकामाच्या वर्षांना द्यायला हवं.

1897 मध्ये ती मोडीत निघाली. त्याच साली जेफ्री व्हीटली कॉब या धनिकाचं फुद्रोयाँ हे जहाज, एके काळी नेल्सनचं ध्वजजहाज, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं होतं. कॉबनं त्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला मेलेल्या जहाजाचं नाव दिलं. ते उसनं नाव तिनं 1992 पर्यंत वागवलं. 1987 मध्ये ती हार्टलपूलला आली; तिथली डागडुजी 2001 पर्यंत चालली. तरी आजही तिच्यातलं निम्म्याहून अधिक लाकूड वाडियांच्या सुतारांनी बसवलेलंच आहे.

कॉन्स्टिट्यूशनही शाबूत आहे, बॉस्टनला, आणि ती आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे. लोक तिकडेही रांगा लावतात. जावा तेवढी ब्राझीलच्या समुद्रात तळाला आहे, आमच्या त्रिंकोमालीच्या पहिल्या आराखड्यांसकट.