वेलीवरचे कोणते पान कमावते?

चांदवड तालुक्यात वडनेर भैरवच्या बाजूला द्राक्षांचे मांडव दूरवर पसरलेले दिसतात. मांडव जितका दाट, तितके अन्न जास्त, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात वेलीवरचे प्रत्येक हिरवे पान कमावतेच असे नाही. त्याची कमाई दोन गोष्टींवर ठरते : वय आणि प्रकाश.

प्रथम वय पाहू. शेंड्याजवळचे कोवळे पान पूर्ण आकाराच्या सुमारे एक तृतीयांश होईपर्यंत इतर पानांकडून साखर घेते. नंतर ते स्वतःची साखर बाहेर पाठवू लागते. ऑस्ट्रेलियातील क्रीडेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले, की पान उमलल्यावर सुमारे ४० दिवसांनी प्रकाशसंश्लेषणाचा वेग सर्वाधिक असतो. पुढे तो हळूहळू उतरतो, कारण हरितद्रव्य व कार्बन डायऑक्साइड पकडणारी प्रथिने कमी होत जातात.

आता प्रकाश. भर दुपारच्या उन्हाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाशातच द्राक्षाच्या पानाचा वेग कमाल पातळीजवळ पोहोचतो. मक्याचे मात्र तसे नाही. पूर्ण उन्हातही त्याचा वेग वाढत राहतो. द्राक्षाचे एक पान प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग खाली जाऊ देते. म्हणजे दुसऱ्या थराला १० टक्के, तर तिसऱ्या थराला १ टक्का प्रकाश! एवढ्यात श्वसनाचा खर्चही भागत नाही. असे पान पिवळे पडून गळते.

नुकसान इथेच थांबत नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात. दाट सावलीतल्या डोळ्यांत घड कमी धरतात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ते उघडकीस येते. म्हणून बागायतदार फुटींची विरळणी करतात. मात्र जुनी पाने सरसकट काढणे योग्य नव्हे. उन्हातले जुने पान अजून कमावत असते.

हे वर्गात पाहता येईल. दुपारी एकाच वेलीची तीन पाने घ्या : कोवळे, उन्हातले पूर्ण वाढलेले आणि दाट सावलीतले. ती पाण्यात उकळा, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये रंगहीन करा (स्पिरिट ज्योतीवर धरू नये), आणि आयोडीन टाका. सर्वांत गडद निळे-काळे कोणते होते? हाच प्रयोग कांद्याच्या पातीवर करू नका. कांद्याची पात स्टार्च न बनवता साखरच साठवते, त्यामुळे भर उन्हातली पातही आळशी ठरेल!