वाफेची थंड बाजू

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचे कूलिंग टॉवर लांबूनच दिसतात. त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट पुष्कळांना धूर वाटतात. धूर उंच चिमण्यांतून जातो. हे लोट पाण्याचे आहेत. कोळसा जाळणाऱ्या केंद्रात उष्णतेच्या साधारण ३५ ते ३८ टक्के भागाचीच वीज होते. उरलेल्यातला बहुतेक भाग या पाण्यावाटे हवेत जातो.

याला अभियंत्यांची हलगर्जी म्हणणं अन्यायाचं आहे. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं कंडेन्सरमध्ये पाणी होतं, तेव्हा तिथं जवळजवळ निर्वात पोकळी तयार होते. त्या पोकळीकडे वाफ जोराने प्रसरण पावते आणि पाती फिरवते. थंड बाजू नसेल तर नुसत्या भट्टीने चाक फिरत नाही.

हे मर्म सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली एका छोट्या पुस्तकात मांडलं. उंचावरून पडणाऱ्या पाण्याने पाणचक्की फिरते, तशी उष्णता गरमाकडून गाराकडे जाताना काम करते, असं तो म्हणाला. उष्णता हा एक द्रव आहे, ही त्याची समजूत पुढे चुकीची ठरली. निष्कर्ष मात्र टिकला. यंत्रात वाफ असो की हवा, कार्यक्षमतेची कमाल मर्यादा दोन्ही टोकांच्या तापमानांवरच ठरते. पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८३२ मध्ये कॉलऱ्याने तो गेला, वय अवघं ३६.

हिशेब करून पाहा. वाफ ५४० अंश सेल्सिअस म्हणजे ८१३ केल्विन, कंडेन्सर ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. ३१८ ला ८१३ ने भागून १ मधून वजा केलं की मर्यादा येते ६१ टक्के. तीही प्रत्यक्षात गाठता येत नाही, कारण त्यासाठी यंत्र इतकं संथ चालवावं लागेल की त्यातून वीज मिळणारच नाही. वाफ आणखी तापवायची तर नळ्यांचं पोलाद आड येतं. आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात कंडेन्सरच तापतो, तेव्हा मर्यादा आणखी खाली येते.

एक चांगली वाट आहे. उरणच्या वायू वीज केंद्रात गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर पुन्हा वाफ करतात आणि तिच्यावर दुसरं टर्बाइन चालवतात. या पद्धतीची जगातली उत्तम केंद्रं ६० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. तिथंही उरलेली उष्णता कुठेतरी सोडावीच लागते. म्हणून नवं औष्णिक केंद्र जाहीर झालं की मेगावॉटच्या आकड्यावर थांबू नका; ते थंड ठेवायला पाणी कोणत्या धरणातून येणार, हेही विचारा.