देव कोणाच्या नावावर?

दिल्लीत देवांनाही गाव असतं. रामकृष्णपुरमच्या टेकडीवरचं मलई मंदिर तमिळांच्या स्वामीनाथाचं, मयूर विहारातला गुरुवायूरप्पन मल्याळी माणसांचा, चित्तरंजन पार्कातली काली बंगाल्यांची. कुणी नोकरीसाठी राजधानीत आलं, कुणाला फाळणीने आणून टाकलं. प्रत्येकाने सामानसुमानाबरोबर आपला देवही आणला. मुंबईत १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाचं अनुकरण करत दिल्ली परिसरातले गणपतीही आता आपापल्या वस्तीचे ‘राजा’ आणि ‘महाराजा’ झाले आहेत. ‘आमचा गणपती’, ‘हमारी माता’, ‘मेरे भोले’ ही बोली या शहरात सणावारी सतत कानावर येते.

देवाला ‘माझा’ म्हणण्यात आपण नेमकं काय म्हणतो? भक्त स्वतःला देवाशी बांधून घेतो, की देवाला स्वतःच्या दावणीला बांधतो? दिल्लीत या दोन्ही प्रकारांची उदाहरणं एकमेकांपासून फार लांब नाहीत.

नात्याचा ‘माझा’

पहिला प्रकार नात्याचा. चित्तरंजन पार्क ही पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्यांसाठी वसवलेली वसाहत. तिथल्या पूजेत दुर्गा महिषासुरमर्दिनी असतेच, पण ती चार दिवस माहेरी आलेली लेकही असते. दशमीला तिची पाठवणी होते. वारकऱ्यांनी विठ्ठलाला आई केलं. मीरेने गिरिधराला पती मानलं. गुरुद्वाऱ्यातला शीख त्याला खरा पातशाह म्हणतो. आई, लेक, पती, राजा यांपैकी कोणावरही आपण खरेदीखत करत नाही. अशा ‘माझा’मध्ये हक्काइतकीच बांधीलकी असते आणि भांडणही असतं. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईने विठ्ठलाला अरेतुरे केलं, प्रसंगी शिव्याही दिल्या. मालकीच्या वस्तूवर कुणी असं रुसत नाही.

या नात्याची एक मराठी वाट थेट दिल्लीपर्यंत येते. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पंढरपूरच्या शिंप्याने आपल्या देवाला घातलेली साद अशा रीतीने बंगला साहिब आणि शीशगंजसारख्या गुरुद्वाऱ्यांत पूजल्या जाणाऱ्या ग्रंथाचा भाग झाली. ‘माझा विठ्ठल’ म्हणणाऱ्या नामदेवांना उत्तरेत परकं वाटलं नाही आणि उत्तरेनेही त्यांना परकं ठेवलं नाही.

निजामुद्दीन वस्तीत हे नातं उलट दिशेने वाहतं. हजरत निजामुद्दीन औलियांची पदवी ‘महबूब-ए-इलाही’, म्हणजे देवाचे लाडके. इथे ‘देव माझा’पेक्षा ‘मी देवाचा’ ही ओळख मोठी ठरते. औलिया १३२५ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांचे शिष्य अमीर खुसरोही गेले. दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. दर्ग्यात चादर घेऊन येणाऱ्याला धर्म विचारला जात नाही.

त्याहून पुढची पायरी श्रावणात दिल्ली-गाझियाबादच्या रस्त्यांवर दिसते. हरिद्वारहून गंगाजल आणणारे कावडिये एकमेकांना ‘भोले’ अशीच हाक मारतात. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, त्याचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद. देवाचं नाव शेजारून चालणाऱ्याला दिलं की मालकीचा प्रश्न निदान त्या वाटेपुरता तरी मिटतो.

ताब्याचा ‘माझा’

दुसरा प्रकार ताब्याचा. त्याचा हिशेब दिल्लीत टिळक मार्गावर, सर्वोच्च न्यायालयात होतो. भारतीय कायद्याने मूर्तीला विधिमान्य व्यक्ती मानलं आहे. देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावू शकतो. पण कायद्याच्या नजरेत तो अज्ञान बालकासारखा असल्याने त्याच्या वतीने माणसाला उभं राहावं लागतं. अयोध्या प्रकरणात १९८९ मध्ये रामलल्ला विराजमान यांच्या नावाने दावा दाखल झाला, तो देवकीनंदन अग्रवाल या निवृत्त न्यायमूर्तींनी वादमित्र म्हणून. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायाधीशांनी रामलल्लांना विधिमान्य व्यक्ती मानलं. जन्मभूमीच्या जागेला मात्र तो दर्जा नाकारला.

सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या देवस्थानांच्या जमिनींवर याच न्यायालयाने निकाल दिला: जमीनमालकाच्या रकान्यात नाव देवाचंच हवं, पुजारी हा मालक नव्हे, व्यवस्था पाहणारा. देवाची रोज पूजा करणाऱ्यालाही देवाच्या मालमत्तेवर ‘माझं’ म्हणता येत नाही, असा याचा अर्थ.

मराठी वाचकाला या संदर्भात पंढरपूर आठवणारच. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्यासाठी राज्याने १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा केला. त्यावरची न्यायालयीन लढाई चार दशकं चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतच संपली. सेवेकऱ्यांचे हक्क गेले, विठ्ठल जागच्या जागी राहिला. पण त्याच विठ्ठलाच्या दारात त्याआधी काय घडलं होतं? अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना आयुष्यभर आत प्रवेश मिळाला नाही. त्यांची समाधी आजही महाद्वाराच्या पायाशी आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुलं झालं. आत असलेले ‘आमचा’ म्हणत होते आणि बाहेर असलेले ‘माझा’. ताबा आतल्यांकडे होता. नातं बाहेरच्यांचं पक्कं होतं, हे चोखोबांच्या अभंगांनी दाखवून दिलं.

दिल्लीतल्या बिर्ला मंदिराचं उद्घाटन १९३९ मध्ये गांधीजींनी केलं, ते सर्व जातींना प्रवेश असेल या अटीवर. डॉ. आंबेडकरांनी १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दार उघडलं नाही. पुढे त्यांनी तो मार्गच सोडला आणि १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. ज्या देवाला ‘माझा’ म्हणू दिलं जात नाही, त्याच्या दाराशी किती काळ उभं राहायचं, हा त्यांचा प्रश्न ताब्याच्या भाषेला मिळालेलं सर्वांत कठोर उत्तर आहे.

दुसऱ्याचा ‘माझा’

जगातल्या बऱ्याच धर्मांनी ‘माझा’ला ‘आमचा’ची जोड दिली आहे. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना ‘आमच्या’ पित्याला आहे. गायत्री मंत्रातली बुद्धीची याचना एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. ज्ञानेश्वरांनी तर पसायदानात विश्वरूप देवाकडे दुष्टांसाठीही मागणं मागितलं. मात्र ‘आमचा’ म्हटलं की धोका टळतो असं नाही. ‘आमचा’ म्हणजे ‘तुमचा नव्हे’ असा अर्थ निघायला वेळ लागत नाही. दंगलींच्या घोषणांत एकवचन क्वचितच असतं.

म्हणून या आढाव्यातलं सर्वांत मोठं उदाहरण मला चांदणी चौकात दिसतं. १६७५ मध्ये गुरु तेगबहादूर यांचा तिथे शिरच्छेद झाला; शीशगंज गुरुद्वारा त्याच जागी आहे. परंपरा सांगते की काश्मिरी पंडित त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले होते आणि त्यांच्या धर्मासाठी गुरूंनी प्राण दिले. ते टिळा-जानव्याचे उपासक नव्हते. दुसऱ्याला त्याच्या देवाला ‘माझा’ म्हणता यावं, एवढ्यासाठी दिलेलं हे बलिदान आहे.

श्रद्धेची कसोटी मला इथेच लागते असं वाटतं. देवाला ‘माझा’ म्हणावं, हक्काने म्हणावं, जनाबाईसारखं भांडून म्हणावं. पण शेजाऱ्याच्या तोंडी तोच शब्द ऐकून ज्याला आपला देव कमी झाल्यासारखा वाटतो, त्याच्या हाती श्रद्धा उरलेली नसते, फक्त सातबारा असतो. आणि त्यावरही नाव देवाचंच आहे.