दोघांनाही चालणारा माणूस

कविसंमेलनाचा अध्यक्ष ठरवताना दोन गट हटून बसले, की कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला तिसराच खुर्चीवर बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय. अल्बेनियात 2002 साली राष्ट्राध्यक्षपदाचं तसंच झालं.

तिथं राष्ट्राध्यक्ष संसद निवडायची. 140 पैकी 84 मतं हवीत. पाचव्या फेरीतही जमलं नाही, तर संसदच बरखास्त! समाजवादी फातोस नानो आणि डेमोक्रॅट साली बेरिशा यांचं हाडवैर. युरोपीय संघाच्या रेट्यानं अखेर दोघांनी एका निवृत्त जनरलला होकार दिला. आल्फ्रेड मोइसिउ यांना 97 मतं मिळाली.

जन्म 1929 चा. वडील स्पिरो मोइसिउ महायुद्धात मुक्तिसेनेचे सेनापती. मुलगा लेनिनग्राडला लष्करी अभियांत्रिकी शिकला, 1971 ते 81 संरक्षण खात्यात तटबंदीचं काम पाहत होता. होजा राजवटीतले काँक्रीटचे बंकर देशभर उगवले, ते याच सुमारास. पुढं 1982 मध्ये मर्जी फिरली, उपमंत्रिपद गेलं.

मोइसिउ सर्वांना सांभाळून घेत, पण एकदा ठेच लागली. 2005 मध्ये ऑक्सफर्डला ते धार्मिक सलोख्यावर बोलले. अल्बेनियातला इस्लाम वरवरचा आहे, अशा अर्थाचं विधान तिथल्या मुस्लिमांच्या एका संघटनेला झोंबलं. मला त्यांचं दुखणं कळतं. तुमची श्रद्धा पातळ, म्हणून तुम्ही भले, ही शाबासकी कुणाला गोड लागेल? मराठीत लिहितो म्हणून मीही ती ऐकलीय.

मुदत 2007 च्या जुलैत संपली. पुन्हा तीच रस्सीखेच झाली. चौथ्या फेरीत बामिर तोपी निवडून आले. ते मात्र डेमोक्रॅट पक्षाचे नेते होते.