कंप्रेसरचं ‘फुस्स’ बंद करू नका! अनलोडर नेमका कुठे जोडायचा?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

गोष्ट मामाच्या गॅरेजमधली. ३ एचपीचा, सिंगल फेज, पट्ट्यावर चालणारा जुना कंप्रेसर. रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट सगळं नवीन टाकून आणला. टाकी रिकामी असताना मस्त चालू झाला, ८ किलोला कटही झाला. पण दाब ६ किलोवर उतरला आणि पुन्हा चालू व्हायची वेळ आली, तर मोटर नुसती घुमतेय, पट्टा किंचाळतोय आणि एमसीबी ट्रिप! दोन दिवसांत कपॅसिटर उडाला. मामा म्हणाला, "मोटरच बदलू आता."

थांबा. रिकाम्या टाकीवर चालू होते, भरलेल्यावर नाही. मग मोटरला दोष देण्याआधी अनलोडर बघायचा.

का? हिशोब करा. पिस्टनचा व्यास ६५ मिमी धरला तर क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंटिमीटर. पाइपात ६ किलो दाब अडकून असेल तर हवा बाहेर ढकलताना पिस्टनवर जवळपास २०० किलोचा भार येतो, तोही पहिल्याच फेऱ्यात. मोटरने अजून वेगही घेतलेला नसतो. अनलोडरचं काम एवढंच : मोटर बंद झाली की पंपापासून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपातली हवा सोडून द्यायची. मग पुढच्या वेळी पंप मोकळ्या पाइपात हवा भरत सुरू होतो, आणि दाब चढेपर्यंत मोटर वेगात आलेली असते.

इथेच घोळ होतो. प्रेशर स्विचला हवेच्या दोन जोडण्या असतात. खालची मोठी जोडणी टाकीची, स्विच त्यावरून दाब ओळखतो. बाजूची बारीक नळी अनलोडरची. ती नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पंपाकडच्या बाजूला जायला हवी. बऱ्याच व्हॉल्व्हला त्यासाठी बाजूला एक छोटं भोक असतं. आमच्याकडे बसवलेल्या नव्या व्हॉल्व्हला ते भोकच नव्हतं, म्हणून कारागिराने टी टाकून नळी टाकीच्या बाजूला जोडली. झालं काय, मोटर बंद झाली की अख्खी टाकीच गळायला लागली. मग कुणीतरी नळी काढून तिथे बोल्ट ठोकला. आवाज गेला, सगळे खूश! आमच्या धंद्यात याला एरर गिळणं म्हणतात. बग जागेवरच असतो, फक्त मेसेज दिसत नाही.

दुरुस्ती सोपी होती. प्लग काढला, टाकी पूर्ण रिकामी केली, गेज शून्यावर आलेला बघितला. भोकाचा व्हॉल्व्ह आणून बसवला, बोल्ट काढला आणि पाव इंची तांब्याची नळी फेरूल-नट लावून जोडली. निळी प्लॅस्टिकची नळी इथे नको, पंपातून येणारी हवा चांगलीच तापलेली असते. शेवटी साबणाच्या पाण्याने सांधे तपासले.

आता कान लावा :

- मोटर बंद होताच दोन-तीन सेकंद ‘फुस्स’ आणि शांत : सगळं ठीक.
- ‘फुस्स’ थांबतच नाही : नळी बरोबर असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. तो साफ करा किंवा बदला.
- मोटर चालू असतानाही गळतंय : अनलोडरची पिन नीट बसत नाही.
- आवाजच नाही : नळी तुंबलीय, अनलोडर उघडत नाही किंवा कुणीतरी बोल्ट ठोकलाय!

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. पंप आणि टाकीच्या मध्ये हाताने बंद करायचा कॉक टाकू नका, आणि टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका. अनलोडर मोटर वाचवतो, सेफ्टी व्हॉल्व्ह माणूस वाचवतो.

मामाची मोटर जुनीच आहे. फक्त कपॅसिटर नवा. आता दर वेळी ‘फुस्स’ झालं की तो गिऱ्हाइकाला सांगतो, "चांगलंय ते, होऊ दे."

भेटू पुढच्या भागात!