हिरवा पाला आणि जमिनीखालचा बटाटा

न्यायदर्शनातलं अनुमानाचं उदाहरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. आज हीच रीत आपण बटाट्याच्या शेतात लावून पाहू.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. तिथे खरिपात, पावसाच्या भरवशावर बटाटा घेतात. अशा शेताच्या बांधावर उभं राहून आपण सहज म्हणतो, 'पाला कसा गर्द हिरवा आहे, यंदा माल भरपूर निघणार.' इथे हिरवेपणा हा हेतू झाला आणि जमिनीखालचा बटाटा हे साध्य. हे अनुमान टिकतं का?

त्यासाठी नत्राचा प्रवास पाहायला हवा. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण बटाट्याला ते थेट घेता येत नाही. मुळं ते प्रामुख्याने अमोनियम आणि नायट्रेट या रूपांत घेतात. म्हणून आपण युरिया देतो. त्यात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो. जमिनीत युरियाचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर चालू लागतं. बटाट्याची मुळं उथळ असतात, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की नायट्रेट त्यांच्या आवाक्याखाली उतरतं.

जे नत्र झाडाला मिळतं, त्याचा मोठा वाटा पानांतल्या प्रथिनांत जातो. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचं काम ही प्रथिनंच करतात. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. इथपर्यंत आपलं अनुमान बरोबर चाललंय : पाला नाही तर बटाटा नाही.

पण बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या फुटव्याचं टोक फुगतं, त्याचा बटाटा होतो. साधारण लागवडीनंतर महिना-सव्वा महिन्यात झाडाला एक वळण घ्यावं लागतं : आता पाला वाढवायचा की साठा करायचा? जर्मनीत क्राउस आणि मार्शनर या संशोधकांनी पोषक द्रावणात बटाट्याची रोपं वाढवून हे तपासलं. नत्र सतत भरपूर दिलं, तर कंद धरणं लांबलं. नत्र थांबवलं, तसे कंद धरू लागले. पुन्हा नत्र सुरू केल्यावर, फुगत असलेल्या कंदाच्या टोकातूनच नवा फुटवा निघाला. म्हणजे नत्र हे झाडासाठी नुसतं अन्न नाही, तो एक निरोपही आहे : 'अजून वाढ, थांबू नकोस.'

हा निरोप उशिरापर्यंत मिळत राहिला तर काय होतं? पाला माजतो, पीक उशिरा तयार होतं, काढणीच्या वेळी साल कच्ची राहून सोलवटते. बटाट्यातला घन भाग कमी होतो, तळताना तो तेल जास्त पितो; चिप्सवाल्यांना असा माल नको असतो. दाट पाल्यात ओल टिकते आणि करप्याचं फावतं. शिवाय बटाटा जमिनीतून नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतो. पालाश कमी असेल, तर युरियाची आणखी एक गोणी ती उणीव भरून काढत नाही.

न्यायशास्त्राच्या भाषेत हा 'सव्यभिचार' हेतू. साध्य असेल तिथेही तो दिसतो, नसेल तिथेही दिसतो. गर्द हिरवं शेत चांगलं पिकलेलं असू शकतं, आणि नुसतं पाल्यावर गेलेलंही. पिवळेपणाचंही तेच. तो नत्राच्या तुटीचा असेल, रोगाचा असेल, किंवा पीक तयार होत आल्याचा असेल.

मग करायचं काय? माती तपासून मात्रा ठरवायची. नत्र एकदम न देता काही लागवडीला, उरलेलं मातीची भर लावताना द्यायचं. त्यानंतर हात आखडायचा. शंका आली तर दोन-चार झाडं उकरून खाली काय चाललंय ते पाहायचं. काही देशांत वरून चौथ्या पानाच्या देठातलं नायट्रेट मोजूनच पुढचं खत ठरवतात. तेही झाडालाच विचारणं झालं.

हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या खर्चापुरता नाही. जे नत्र झाडाने घेतलं नाही, ते विहिरीपर्यंत जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त. बांधावर केलेलं घाईचं अनुमान घरातल्या हंड्यापर्यंत पोचतं, ते असं. म्हणून पीक काढणीला येताना पाला पिवळा पडू लागला, तर गोणीकडे हात नेण्याआधी आपण एवढंच विचारू : झाड उपाशी आहे, की त्याचं काम संपत आलंय?