रिव्हॉल्व्हराचा अनुक्रमांक आणि कालनिर्णय

जुन्या दप्तरांच्या शोधांत कागदांबरोबर कधीं कधीं शस्त्रेंहि हातीं येतात. त्यांत एखादें रिव्हॉल्व्हर निघालें कीं तें ‘१८५७ च्या धामधुमींतलें’ असें सांगण्याचा प्रघात आहे. एकदां टिपणांत शिरलेला काळ पुढील लेखक पुरावा म्हणून घेतात. म्हणून त्यास प्रमाण काय, हें आधींच पाहिलें पाहिजे. सुदैवानें अशा शस्त्रांवर बहुधा कारखान्याचा अनुक्रमांक असतो. तो कसा वाचावा, हें कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यावरून येथें दाखवितों.

हें सहा बारांचें, टोपीनें उडणारें रिव्हॉल्व्हर दोन ठिकाणीं तयार होत असे. अमेरिकेंत हार्टफर्ड येथें तें १८५० पासून १८७३ पर्यंत झालें. लंडनमध्यें पिम्लिको भागांतील कारखान्यांत १८५३ पासून १८५६ पर्यंत झालें. दोहोंकडील अनुक्रम स्वतंत्र, आणि दोन्ही एकापासून सुरू झालेले. लंडनचा सुमारें ४२,००० वर थांबला. हार्टफर्डचा २,१५,३४८ पर्यंत गेला. सबब ३०,००० हा आंकडा दोन्ही मालिकांत सांपडतो, आणि मालिका ठरल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. ती नळीच्या माथ्यावरील लेखावरून ठरते: त्यांत कर्नल कोल्टच्या नांवापुढें लंडन आहे, कीं न्यूयॉर्क अगर हार्टफर्ड, हें पाहावें. इंग्रजी परीक्षेची छाप मात्र पुरेशी नव्हे. अमेरिकेंत होऊन इंग्लंडांत विकलेल्या शस्त्रांवरहि ती असते.

हार्टफर्डच्या मालिकेंत १८५३ चा आरंभ सुमारें २०,००० पासून, १८५७ चा ६५,००० पासून, १८५८ चा ८५,००० पासून आणि १८६१ चा ९८,००० पासून धरतात. अर्थात् १,१०,००० क्रमांकाचें हार्टफर्डचें शस्त्र १८५७ सालीं कोणाच्याहि हातीं असणें अशक्य.

फिरत्या चक्रावर दोन फसवे लेख आहेत. एक, ‘१६ मे १८४३’. ही टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांतील लढाईची तारीख असून तिचें चित्र चक्रावर कोरलेलें असतें. घडणीशीं तिचा संबंध नाहीं. पोथीच्या पुष्पिकेंत मूळ प्रतीचा शक तसाच उतरलेला असावा, तसाच हा प्रकार. दुसरा, ‘कोल्ट्स पेटंट नंबर’. त्यापुढील आंकडा पेटंटाचा नसून त्या शस्त्राचाच अनुक्रमांक होय.

तोच क्रमांक सांगाडा, नळी, चापाचें कडें व मुठीची पट्टी यांवरहि असतो. सर्वत्र तो जुळल्यास शस्त्र अखंड समजावें. न जुळल्यास, दोन पोथ्यांचीं पानें एकत्र बांधलीं गेल्याप्रमाणें, भाग बदलले आहेत असें जाणून प्रत्येक आंकडा निराळा नोंदावा. गंज काढण्यासाठीं कानस लावूं नये, अक्षरें जातात. जुना बार आंत राहिलेला असूं शकतो, म्हणून प्रथम जाणत्याकडून तपासणी करवावी.

इतकें करूनहि क्रमांकानें पूर्वमर्यादा मात्र ठरते: त्या सालापूर्वी हें शस्त्र नव्हतें, एवढेंच. लंडनचें प्रत्येक ‘नेव्ही’ १८५७ पूर्वीचें खरें. पण तें त्या सालीं हिंदुस्थानांत होतें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. तें कोणीं, केव्हां आणिलें, हें पत्र, परवाना किंवा मालमत्तेची यादी यांवरूनच सांगतां येईल. म्हणून टिपणांत क्रमांक व लेख एकीकडे आणि घराण्यांतील परंपरा दुसरीकडे लिहावी. परंपरा टाकून देऊं नये; पण तिला क्रमांकाचें बळ उसनें देऊंहि नये.